हेल्मीबाईंचं घर कुणी जाळलं?

मँचेस्टरला जाऊन आल्यावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. लंडनजवळच्या पिनरहून चार तासांचा मोटरवे, मध्ये एकदा चहा, की आलं मँचेस्टर. माझी मुलगी राधिका तिथल्या हॉस्पिटलमध्ये काम करते, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा माझी चक्कर होते आणि परतल्यावर सांगण्यासारखं एवढंच असतं, की रोडवर्क्स कुठे होते. मागच्या सप्टेंबरमधली खेप मात्र वेगळी झाली. तेव्हा गाडीत माझ्या शेजारी हेल्मीबाई बसल्या होत्या.

हेल्मीबाई आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. वय सत्त्याऐंशी. मूळच्या फिनलंडच्या. विशीत नर्सिंगसाठी इंग्लंडला आल्या, इंग्रज माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. इंग्रजीत मी त्यांना सरळ हेल्मी म्हणते, पण मराठीत लिहायला बसले की हात आपोआप ‘त्या’ लिहितो. आमची ओळख वेलदोड्यांवरून झाली. फिनिश लोक त्यांच्या गोड पावात भरपूर वेलदोडा घालतात. एका रविवारी त्यांच्याकडचा संपला, तेव्हा त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पिनरमध्ये वेलदोड्यासाठी कुठलं दार वाजवावं हे त्यांना बरोबर कळलं होतं. माझं नाव शुभा. फिनिशमध्ये ‘श’ नाही आणि ‘ब’शीही त्यांचं फारसं जमत नाही, त्यामुळे गेली सव्वीस वर्षं मी त्यांच्या तोंडी ‘सुपा’ आहे.

शुक्रवार: मोटरवे

वाटेत खायला मी दशम्या आणि तिळाची चटणी घेतली होती. हेल्मीबाईंनी डबाभर ‘पाईज’ आणल्या होत्या. राईच्या पिठाची पातळ पारी, आत तांदळाची घट्ट, बिनसाखरेची खीर, कडा चिमटीने मुडपलेल्या. त्यांच्या माहेरच्या भागाचा, करेलियाचा, हा पदार्थ. मोटरवेकडेच्या सर्व्हिसेसच्या बाकावर बसून आम्ही डबे बदलले. दशमी खाऊन त्या म्हणाल्या, “ही दुधात भिजवलेली आहे.” मी हो म्हटलं. “आईसुद्धा प्रवासाच्या भाकरीत दूध घालायची. टिकते.” मी म्हटलं, आमच्याकडेही टिकते म्हणूनच घालतात.

याच बाकावर त्यांची काठी राहिली. ते लक्षात आलं पुढच्या जंक्शनच्याही बरंच पुढे गेल्यावर. मोटरवेवर मागे वळता येत नाही, त्यामुळे पुढच्या एक्झिटला उतरून, उलटं जाऊन, पुन्हा फिरून येण्यात तास गेला. काठी बाकाला टेकून तशीच उभी होती. हेल्मीबाई एकदाही ‘सॉरी’ म्हणाल्या नाहीत. मात्र त्या तासाभरात, बहुधा भरपाई म्हणून, आम्ही मँचेस्टरला का चाललो आहोत ते त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं.

त्यांचं गाव लाडोगा नावाच्या मोठ्या सरोवराच्या उत्तरेला होतं. गावाचं नाव लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. १९३९च्या हिवाळ्यात रशियाने फिनलंडवर चाल केली आणि तो भाग घेतला. दोन वर्षांच्या हेल्मीबाई, सहा वर्षांचा भाऊ एरो आणि आई बर्फातून घसरगाडीवर निघाले, मागे गाय बांधलेली. १९४१च्या उन्हाळ्यात फिनलंडने जर्मनीच्या जोडीने उलट चढाई केली. हेल्मीबाईंचे वडील त्यात कॉर्पोरल होते. रशियन सैन्य मागे हटत होतं आणि हटताना प्रत्येक नदीवर, प्रत्येक पुलाशी थोडी माणसं ठेवत होतं, पुढे येणाऱ्यांना अडवायला. अशी अडवणूक पार करत वडिलांची कंपनी, म्हणजे त्यांची तुकडी, चक्क त्यांच्याच गावापर्यंत पोचली. गाव परत मिळालं. पण पुढच्या वर्षी कुटुंब परतलं तेव्हा घराच्या जागी जोतं आणि चिमणी तेवढी उभी होती.

“आई म्हणायची, रशियनांनी जाताना जाळलं,” हेल्मीबाई म्हणाल्या. “ते बऱ्याच गावांत जाळत गेले, ते खोटं नाही. आम्ही तेच ऐकत मोठे झालो.”

“आणि?”

“वडील गेले तेव्हा दफनानंतरच्या कॉफीला एरो सगळ्यांसमोर म्हणाला, घर रशियनांनी नाही, बाबांनीच जाळलं. मी त्याला खोटारडा म्हटलं. बापाला मातीत ठेवून तासही झाला नव्हता, सुपा.”

त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली. भाऊबहीण एकमेकांना नाताळचं कार्ड पाठवतात. त्यात फक्त सही असते.

एरो आता एक्क्याण्णव वर्षांचा आहे आणि फिनलंडमध्ये एका केअर होममध्ये असतो. मागच्या नाताळात लंडनमधल्या फिनिश लोकांच्या बाजारात हेल्मीबाईंना डोरीन नावाची बाई भेटली. डोरीन मँचेस्टरची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. तरुणपणी दोन वर्षं फिनलंडला राहिलेली. त्या युद्धातल्या तुकड्यांच्या रोजच्या हस्तलिखित नोंदी आता ऑनलाइन पाहता येतात. त्या वाचून टाइप करण्याचा तिला छंद आहे. हेल्मीबाईंनी तिला वडिलांच्या कंपनीचं नाव सांगितलं. ऑगस्टमध्ये डोरीनचा फोन आला. त्या दिवसाची नोंद सापडली होती, आणि ती फोनवर सांगायची तिची तयारी नव्हती.

शनिवार: हॉलमध्ये

राधिकाचा जन्म स्लाऊचा. तिचं मराठी प्रेमळ आहे, व्याकरणाच्या बाबतीत मात्र बेफिकीर. सकाळी तिने कांदेपोहे केले आणि दारातून हाक मारली, “आई, हेल्मी आजीचा काठी कारमध्ये ठेवला का? ट्रॅमने जाऊ नका हं, आज खूप गर्दी असणार.” तरी आम्ही ट्रॅमनेच गेलो, कारण हेल्मीबाईंना ट्रॅम आवडते. गर्दी अजिबात नव्हती.

पत्ता एका चर्चच्या मागच्या हॉलचा होता. आत शिरलो आणि मी थबकले. मधोमध टेबल-टेनिसची दोन टेबलं जोडून त्यांवर हिरवं कापड पसरलेलं होतं. निळ्या पट्टीची नदी, काडेपेटीएवढी घरं, लहान ब्रशांसारखी झाडं आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक. इथे दर शनिवारी काही जण जुन्या लढाया टेबलावर खेळतात, डोरीनही त्यांच्यातली. त्या दिवशी नेमकी तीच चढाई मांडलेली होती.

डोरीन लगबगीने आली. उंच, पांढऱ्या बॉबकटची, बोलताना हात फार हलवणारी. “मी त्यांना म्हटलं होतं, आज दुसरं काही मांडा. तुम्ही म्हणाल तर आत्ता आवरतो.”

हेल्मीबाईंच्या नजरेचा मधला भाग गेलेला आहे. समोरचं दिसत नाही, कडेचं अंधुक दिसतं. त्या मान तिरकी करून टेबलाकडे बघत राहिल्या.

“हा खेळ आहे?”

“हो,” टेबलापलीकडचा माणूस म्हणाला. त्याचं नाव कीथ. पन्नाशीचा, धिप्पाड, ट्रॅम चालवतो. तो ओशाळला होता, तरी त्याने उत्तर सरळ दिलं. “पण आम्ही हसतखिदळत नाही खेळत.”

“तुमची बाजू कुठली?”

“रशियन.”

“म्हणजे तुम्ही हरणार.”

“जिंकणं माझं कामच नाही,” कीथ म्हणाला. “उशीर करणं माझं काम. पुलावर तुमच्या लोकांना जितका वेळ थोपवेन, तितकी माझी मागची माणसं सुटतील.”

“आणि जे थोपवायला थांबतात?”

“ते शेवटी निघतात.” त्याने हातातला फासा खाली ठेवला. “निघता आलं तर.”

हेल्मीबाईंनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात टेबलावर टेकले. बोटांनी नदी चाचपली, पूल चाचपला. “चूक आहे. इथे चढ हवा.” कीथने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतलं प्रार्थनेचं जाड पुस्तक आणलं आणि कापडाखाली सरकवलं. टेकडी झाली. हेल्मीबाईंनी एक लाकडी घर उचललं, दुसऱ्या हाताने चढ शोधला आणि ते वर ठेवलं. “हे आमचं. इथून पूल दिसायचा, असं आई सांगायची.”

मी सहज डोरीनकडे पाहिलं. तिचे हात हलायचे थांबले होते.

कीथने चहा आणला, बशीत डायजेस्टिव्ह बिस्किटं. बोलता बोलता तो म्हणाला की त्याचे आजोबा ब्रिटिश जहाजांवर होते, बर्फाच्या समुद्रातून रशियाला सामान नेणाऱ्या ताफ्यांत. म्हणजे ते हेल्मीबाईंच्या वडिलांच्या विरुद्ध बाजूचे झाले. ब्रिटननेही १९४१च्या डिसेंबरात फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारलं होतं, हे मला तिथे बसून कळलं. तीस वर्षं या देशात राहून मला याचा पत्ता नव्हता. हेल्मीबाई म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांनाही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, खरंच? आणि क्रिकेट लावलं.” कीथ मोठ्याने हसला. त्यानंतर बसणं जरा सैल झालं.

नोंद वाचायला आम्ही मागच्या छोट्या किचनमध्ये गेलो. डोरीनने हस्तलिखित टाइप करून मोठ्या अक्षरांत छापून आणलं होतं, पण हेल्मीबाईंना तेही दिसेना.

“मी इंग्रजीत सांगू का?” डोरीनने विचारलं.

“नाही. जसं लिहिलंय तसं. फिनिशमध्ये.”

डोरीन वाचू लागली. तिला भाषा वाचून समजते, पण उच्चार पक्के इंग्रजी. लांब स्वर आखूड, जोडाक्षरं गिळलेली. तीन ओळी झाल्यावर हेल्मीबाईंनी हात वर केला. “मला काही कळत नाही. ही कुठली भाषा आहे?” डोरीन लाल झाली. हेल्मीबाई माझ्याकडे वळल्या. “सुपा, तू वाच.”

मला फिनिश येत नाही. पण ती जशी लिहितात तशीच बोलतात, आपल्यासारखी. दोनदा लिहिलेला स्वर दीर्घ, दोनदा लिहिलेलं व्यंजन ठासून, जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. एवढं मी सव्वीस वर्षांच्या कॉफीत शिकले आहे. शाळेत अर्थ न कळता संस्कृत स्तोत्रं म्हटली, तशीच मी ती ओळ न् ओळ स्पष्ट म्हणू लागले. पान छोटं होतं. हेल्मीबाई कान माझ्याकडे करून, डोळे मिटून बसल्या होत्या. वडिलांचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मी पुढे गेले.

शेवटच्या ओळीत दोन शब्द आले, ‘ओमान टालोन्सा’. त्यांच्याकडे माझा एक ठरलेला निळा कप आहे, त्याला त्या ‘ओमा कुप्पी’ म्हणतात, स्वतःचा कप. आणि ‘टालो’ म्हणजे घर, हे मला माहीत होतं. मी ते शब्द उच्चारले आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते मला तेव्हा समजलं. स्वतःच्या घरावर. मी थांबले. एखाद्याला अशी गोष्ट आपल्याच तोंडून सांगितली गेली आणि सांगताना आपल्याला पत्ताही नव्हता, हे मला फार लागलं.

“पुन्हा,” हेल्मीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग डोरीनने मला इंग्रजीत समजावलं. चढावरच्या घरात रशियनांची मशीनगन होती आणि तिने पूल अडवून धरला होता. सकाळपासून कंपनीला नदी ओलांडता येईना, दोन माणसं गेली. कॉर्पोरल त्याच गावचा, म्हणून त्याला मॉर्टरवाल्यांकडे, म्हणजे उखळी तोफा चालवणाऱ्यांकडे पाठवलं. तळघर कुठे, दार कुठल्या बाजूला, लाकडांची वखार कुठे, हे सगळं त्याने दाखवलं आणि तोफांचा नेम लावून दिला. दुपारी घर पेटलं. आत तीन शत्रूसैनिक मेलेले सापडले. शेवटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने, कदाचित त्याला स्वतःलाच राहवलं नाही म्हणून, एक वाक्य जोडलं होतं, की कॉर्पोरलने नेम स्वतःच्या घरावर धरला.

हेल्मीबाईंनी चहा संपवला. कप खाली ठेवला. “म्हणजे एरो खरं बोलत होता,” त्या म्हणाल्या.

त्या उठून पुन्हा टेबलाशी गेल्या. कीथला विचारलं, “त्या तिघांनी सकाळपासून दुपारपर्यंत थोपवलं. त्याचा काही उपयोग झाला?”

कीथने डोरीनकडे पाहिलं. डोरीनने मान हलवली. “झाला,” तो म्हणाला. “बाकीचे पुढच्या नदीपर्यंत पोचले.”

“बरं,” हेल्मीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी राधिकाने मुगाची खिचडी आणि कढी केली. हेल्मीबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या. मी बोलणं टाळत होते. राधिकाला टाळता येत नाही. सगळं ऐकल्यावर ती मला मराठीत म्हणाली, “आई, तिला आत्ताच फोन करायला सांग ना. भाऊ नाइन्टी-वन आहे. किती वाट बघणार ती?”

“तो,” मी म्हटलं.

“तो. पण पॉइंट तोच आहे ना?”

मी हेल्मीबाईंना इंग्रजीत विचारलं. त्या म्हणाल्या, “आज नाही. आज मला बाबांचा राग येतोय. घरासाठी नाही. आईला त्यांनी कधी सांगितलं नाही म्हणून. ती मरेपर्यंत चुकीच्या माणसांना शिव्या देत राहिली, आणि ते शेजारी बसून ऐकत राहिले.” मग म्हणाल्या, “आणि मीही. एरोला.”

रविवार: पाण्याजवळ

परतताना आम्ही पीक डिस्ट्रिक्टमधून आलो. हा लांबचा रस्ता, पण हेल्मीबाईंनी पाणी बघायचंय म्हटलं. तिथे डोंगरात जुनी धरणं आहेत. कडेने पाइनची झाडं, वर उघड्या माळावर हेदर नावाचं झुडपांचं रान. त्याचा जांभळा रंग आता तपकिरी होऊ लागला होता. गाडी पाण्याच्या काठाशी उभी केली. वारा थंड होता, म्हणून काचा वर करून आतच बसलो. आमच्या पुढे दोन म्हातारे इंग्रज घडीच्या खुर्च्या टाकून, ब्लँकेट पांघरून, थर्मासमधून सूप पीत होते. आपल्याकडे अशा हवेत कुणी घराबाहेर बसलं तर बाकीचे काळजीने आत नेतात.

“पाणी बरोबर आहे,” हेल्मीबाई कडेने बघत म्हणाल्या. “डोंगर जास्त आहेत.”

मग त्यांनी पर्समधून कागद काढला. केअर होमचा नंबर. मी लावून दिला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे नर्स बोलली, मग बराच वेळ काही नाही, मग एक जाडा, संथ आवाज. मी बाहेर जाऊ लागले, तर त्यांनी माझी बाही धरली.

फोन वीस मिनिटं चालला. पहिलं वाक्य हेल्मीबाई बोलल्या, एकच, लहान. नंतर बहुतेक तोच बोलत होता. त्या ‘यो, यो’ करत होत्या, म्हणजे ‘हो, हो’. मध्येच हसल्या. नंतर बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या आणि माझी बाही त्यांच्या मुठीत होती.

त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला. त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

“मी म्हटलं, तू खरं बोलत होतास. तो म्हणाला, मला माहीत आहे. मग विचारलं, इंग्लंडमध्ये बटाटे काढून झाले का.”

“एवढंच?”

“मग गुडघ्याबद्दल सांगितलं. खूप वेळ. मग मी विचारलं, तुला कसं कळलं होतं? बाबा तर कुणाशीच बोलले नव्हते.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तो तिथे होता, सुपा. आम्ही परत गेलो त्या वसंतात. मी पाच वर्षांची, तो नऊ. बाबा आठ दिवसांच्या रजेवर आले होते. जोत्याशी जायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आणि एरोला मात्र फावडं घेऊन बरोबर नेलं. राखेखाली ते तिघं तसेच होते, कुणी पुरलंच नव्हतं. बापलेकांनी त्यांना बाहेर काढलं. बाबांनी एरोकडून वचन घेतलं, मी जिवंत आहे तोवर बोलायचं नाही. त्याने ते पाळलं. त्यांचं दफन झालं त्याच दिवशी मला सांगितलं. आणि मी काय म्हटलं ते तुला माहीत आहे.”

“कुठे पुरलं त्यांना?”

“तेच तो आत्ता सांगत होता. त्या दिवशी तेही सांगायचं होतं म्हणे, पण मी बोलूच दिलं नाही.” त्या पाण्याकडे वळल्या. “पुढे आम्ही नवं घर बांधलं, खाली रस्त्याच्या बाजूला. १९४४मध्ये ते गाव कायमचं सोडलं तोवर तिथेच राहिलो. कुंपणाला लागून जमिनीचा एक तुकडा होता. चांगला सपाट, उन्हातला. अन्नाची इतकी टंचाई, तरी बाबा त्यात आईला बटाटे लावू देत नसत. रजेवर आले की आधी तिथलं गवत कापायचे. त्यावरून आई त्यांच्याशी भांडायची.”

पुढचे दोघे इंग्रज खुर्च्या मिटत होते. पाऊस येणार असावा.

“आम्हाला वाटायचं,” हेल्मीबाई म्हणाल्या, “तिथली माती वाईट आहे.”